पाठीमागचं दार

"अभ्यासाला वेगळी खोली दिली, टेबल दिलं, चांगली खुर्ची आणली. तरी दहा मिनिटांत हा बाहेर! आता अजून काय करायचं?" नववीतल्या मुलाची आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) गंमत म्हणजे ही तक्रार खोली नसलेल्यांपेक्षा असलेल्यांकडूनच मला जास्त ऐकू येते.

मुलगा गप्प. त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. "तुझी खोली काढ बघू." त्याने भिंतीला चिकटलेलं टेबल काढलं, खुर्ची काढली, खुर्चीच्या बरोबर मागे दार. दाराबाहेर एक बारीकसा बाण.

"हा कशाचा?"

"आई इथून येते."

"मी काही बोलत नाही हो," आई लगेच म्हणाली, "नुसती डोकावते."

पण त्याचे कान सतत त्या दाराकडेच. पुस्तक समोर आणि लक्ष पाठीमागे, असा किती वेळ कोण बसेल? टेबल फिरवायचं ठरलं, दार बाजूला नजरेत राहील असं. अर्धा तास दार लोटलेलं, आत यायचं तर टकटक करून. टेबल फिरवणं सोपं होतं. टकटक आईला जड जाणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चित्रात दिवा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात होता, आणि पोरगा चित्र काढत होता डाव्या हाताने! 'उजेड डावीकडून हवा' हा नियम उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचा. याच्या हाताची सावली थेट लिहित्या ओळीवर पडायची. दिवा उजवीकडे गेला. मोबाइल खोलीबाहेर, त्यावर फार चर्चा झाली नाही.

"आणि पाठांतराला स्वयंपाकघरात येतो, ते?" येऊ द्या. 1978 सालच्या एका प्रयोगात शब्दांची तीच यादी दोन वेगळ्या खोल्यांत वाचलेल्या विद्यार्थ्यांना, एकाच खोलीत दोनदा वाचणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द आठवले होते. लिहायचं काम टेबलावर झालं की पुरे.

तीन आठवड्यांनी आई एकटीच आली. अजून उठतो म्हणाली, पण आता पाऊण तासाने.

"परवा टकटक केली, तर आतून म्हणतो, थांब, एवढं गणित होऊ दे."

"मग?"

"मग काय, थांबले बाहेर."