रशियातल्या प्स्कोव शहरातली पोगांकिन हवेली: आधी बाहेर थांबा

तिकिटाच्या खिडकीकडे धावू नका. आधी अंगणात उभं राहून खिडक्या बघा. लहान-मोठ्या, वर-खाली, एका रांगेत नाहीतच. सर्गेई पोगांकिन या व्यापाऱ्याने १७व्या शतकाच्या उत्तरार्धात हे घर राहण्यासाठी आणि मालासाठीही बांधलं. समोरून देखणं दिसण्यापेक्षा आतली सोय महत्त्वाची. म्हणून इमारतीचे तीन भाग, एक, दोन आणि तीन मजल्यांचे.

भिंती चुनखडीच्या, जवळपास २ मीटर जाड. जिने या जाडीतच कोरल्यासारखे बसवलेत: अरुंद, अंधारे, पायऱ्या उंच. पाठीवरची सॅक क्लोकरूममध्ये ठेवा, नाहीतर वळणावर अडकाल. नवख्यांची एक चूक ठरलेली: दगडी खोल्या बघून 'एवढ्या गारठ्यात राहायचे कसे?' असं विचारतात. राहण्याच्या खोल्या वर, लाकडी मजल्यावर असत, कारण लाकूड कोरडं आणि उबदार. तो मजला आज उरलेला नाही, म्हणून घर बुटकं वाटतं.

१९०२पासून इथे संग्रहालय आहे. प्स्कोव शैलीच्या मूर्तिचित्रांना (लाकडी फळीवर रंगवलेली ख्रिस्ती धार्मिक चित्रं, म्हणजे 'आयकॉन') निवांत तासभर द्या. गडद हिरवा आणि लालसर नारिंगी रंग ही त्यांची ओळख. घाईत बघितलीत तर सगळी सारखीच वाटतील.

रोख रूबल जवळ हवेत; भारतातली व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत. सोमवार टाळा, रशियात बरीच संग्रहालयं तेव्हा बंद असतात. तिकीटखिडकीही संग्रहालयाच्या आधीच बंद होते.