होमवर्क आईच्या अक्षरात गेला तर टीचरला कळणार कसं?

माझ्याकडे तिसरी-चौथीच्या मुलांचे जे पालक येतात त्यातल्या बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं एकच असतं. मॅडम, होमवर्कला बसवायचं म्हटलं की रोज भांडण, रोज रडारड, आणि एवढं करून डायरीत लाल पेनाने रिमार्क येतोच, मग आम्ही नेमकं करायचं तरी काय? त्यावर एक केस लिहिते. आईची परवानगी घेतलीय, नावं लिहीत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा तिसरीत, सेमी इंग्लिशला. घर सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे माग, टॉवेल, चादरी याच धंद्याच्या पट्ट्यात. वडील यंत्रमागावर, एक आठवडा दिवसपाळी तर एक आठवडा रातपाळी. आई घरीच टॉवेलला शिलाई मारतात, डझनावर पैसे. घरात सगळे तेलुगू बोलतात, शाळेत मराठी, आणि गणित तेवढं इंग्रजीत. आपल्याकडे हे इतकं नेहमीचं आहे की कुणाला त्यात काही वेगळं वाटतच नाही, पण पोराच्या डोक्यावर त्याचं ओझं असतंच आणि या केसमध्ये ते पुढे येणारच आहे.

आई पहिल्यांदा आल्या तेव्हा बसायच्या आधीच बोलायला लागल्या, "रोज रात्री रडालाय मॅडम. अकरा वाजतात, कधी साडेअकरा. मी मारते, मग मीच रडत बसते." पोरगा हट्टी झालाय, मोबाईल मागतो, लक्ष नाही, सगळं सांगून झालं. मी ते ऐकून घेतलं आणि विचारलं की ताई, आज होमवर्क काय आहे हे तुम्हाला कळतं किती वाजता?

"ग्रुपवर येतं की. कुणाची तरी आई फोटो टाकते. आठ वाजता, कधी नऊ."

म्हणजे बघा, पोरगं दुपारी घरी येतंय आणि होमवर्क घरी येतोय रात्री नऊला. टीचर होमवर्क फळ्यावर लिहितात शेवटच्या तासाला, हा लिहायला हळू, बेल होते, बाहेर रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असतात, बाकीची मुलं पळतात आणि हा अर्धी ओळ लिहून दप्तर बंद करतो. डायरी उघडून बघितली तर पानंच्या पानं अर्धवट, काही कोरी. आठ वर्षांचं पोर रात्री नऊला लिहायला बसलं तर ते रडणारच, त्यात हट्टीपणा कसला आलाय? त्याला झोप आलेली असते.

पुढच्या वेळी सगळ्या वह्या घेऊन या म्हटलं. दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, वर्गातली आणि घरची. वर्गातल्या वहीत वाक्यं अर्धी, जोडाक्षरं आली की गडबड, काही ठिकाणी नुसती रेघ. घरच्या वहीत सगळं पूर्ण, स्वच्छ, एकही चूक नाही. मी काही बोलले नाही, आईच म्हणाल्या, "काही मी लिहिते मॅडम. त्याच्यासारखं वाकडं अक्षर काढून. काय करू, अकरा वाजतात, झोपतो तो वहीवरच."

आणि डायरीत टीचरचा रिमार्क काय, तर घरी व्यवस्थित लिहितो, वर्गात आळस करतो, लक्ष द्यावे.

मला या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. टीचरचं काही चुकलं नव्हतं, त्यांच्या हातात जो कागद होता त्यावरून त्यांनी बरोबरच निष्कर्ष काढला. घरचा होमवर्क पूर्ण म्हणजे पोराला येतंय, येतंय आणि वर्गात करत नाही म्हणजे आळशी. आईने प्रेमापोटी आणि भीतीपोटी वही पूर्ण केली आणि त्यामुळे पोराला जोडाक्षरं वाचताच येत नाहीत ही गोष्ट वर्षभर झाकली गेली. 'प्रश्न', 'उत्तर', 'पुस्तक', 'स्वच्छ' असे शब्द समोर ठेवले तर तो पहिलं अक्षर बघून अंदाजाने काहीतरी म्हणायचा. तेलुगूत आईशी बोलताना मात्र पोरगा एकदम हुशार, रिक्षातल्या गमती सांगताना थांबतच नव्हता. घरी मराठी कानावर कमी पडते, शब्द ओळखीचे नाहीत, मग वाचायला वेळ लागतो, लिहायला त्याहून जास्त. होमवर्कची वही ही टीचरला मिळणारी बातमी आहे हो, ती खोटी गेली तर टीचर मदत कुठे आणि कशी करणार?

आता वेळेचं बोलू. केंद्र सरकारचं २०२० चं स्कूल बॅग धोरण आहे, त्यात होमवर्कबद्दलही स्पष्ट लिहिलंय. दुसरीपर्यंत होमवर्क नको. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त २ तास. सहावी ते आठवी दिवसाला जास्तीत जास्त १ तास. आठवड्याला २ तास म्हणजे सहा दिवसांची शाळा धरली तर रोजची २० मिनिटं. मी हे सांगितलं तेव्हा आई माझ्याकडे बघतच राहिल्या, कारण त्यांच्या घरी आठवड्याचा कोटा एका रात्रीत संपत होता. सगळ्या शाळा हे पाळतात असं नाही, बऱ्याच पालकांनाच जास्त होमवर्क हवा असतो, कमी दिला तर तेच शाळेत जाऊन विचारतात की शिकवता का नाही, हेही मी बघितलंय. पण आकडा माहीत असला की घरी किती ताणायचं याला काहीतरी माप मिळतं.

मग ठरवलं ते असं. होमवर्कची वेळ संध्याकाळी, खेळून आल्यावर आणि काहीतरी खाल्ल्यावर, शेंगाची चटणी-भाकरी का असेना, पण उपाशीपोटी नाही. जागा एकच आणि टीव्हीपासून लांब. मशीन तेवढा वेळ बंद, कारण त्या आवाजात त्याचं वाचन आईला ऐकूच येत नव्हतं (आईला याचं वाईट वाटलं, तेवढ्या वेळात किती टॉवेल होतात ते त्यांना पाठ आहे, म्हणून फक्त अर्धा तास असं बोलून ठेवलं). घड्याळ लावून अर्धा तास. वीसच मिनिटं का नाही, तर सुरुवातीला त्याला वह्या काढायलाच वेळ लागायचा. अर्धा तास झाला की जिथे असेल तिथे पेन्सिल खाली, वहीत आडवी रेघ, आणि रेघेखाली आई लिहिणार: एवढं त्याने स्वतः केलं, ३० मिनिटं लागली, पुढचं जमलं नाही. खाली सही. आईने एक अक्षरही त्याच्यासाठी लिहायचं नाही. त्याने विचारलं तर सांगायचं, शेजारी बसायचं, पण पेन्सिल हातात घ्यायची नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते वडिलांना. रातपाळी करून, न झोपता ते एकदा आले आणि सरळ म्हणाले, "अर्धवट वही पाठवायची म्हणजे? मग पोरगं मागावरच जायचं का आमच्यासारखं?" मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. ज्या घरात मागची पिढी आणि त्याच्या मागची पिढीही मागावर उभी राहिलीय त्या घरात कोरी वही म्हणजे काय असतं हे आपण बाहेरून समजू शकत नाही. मी त्यांना एवढंच विचारलं की दादा, कापडात सुरुवातीलाच तार तुटली आणि कुणी ती झाकून ठेवली तर पुढे काय होतं? ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले ठीक आहे, बघू महिनाभर.

टीचरला भेटायला आईसोबत मीही गेले, शाळेने परवानगी दिली होती. मुद्दाम सांगते, भांडायला म्हणून गेलो नव्हतो. दोन्ही वह्या नेल्या आणि आईने स्वतः सांगितलं की घरचं मीच लिहीत होते. टीचरचा चेहरा बदलला. रागावतील असं आईला वाटत होतं, पण त्या म्हणाल्या की आधी सांगायचं ना हो, मी त्याला उगाच बोलत होते. त्यांच्या वर्गात चाळीसच्या वर मुलं आहेत, आरटीई (शिक्षण हक्क) कायदा प्राथमिकला ३० मुलांमागे १ शिक्षक म्हणतो, प्रत्येकाची डायरी त्या कधी आणि कशी तपासणार होत्या?

त्या भेटीत दोन गोष्टी झाल्या. होमवर्क शेवटच्या तासाऐवजी मधल्या सुट्टीनंतर लगेच फळ्यावर येणार आणि हळू लिहिणाऱ्या मुलांची डायरी शेजारचा मुलगा बघणार. एवढ्या छोट्या बदलाने रात्रीचा ग्रुप बंद पडला म्हटलं तरी चालेल, आणि फायदा फक्त या पोराला नाही झाला.

दुसरी गोष्ट वर्गाच्या नियमांची. भिंतीवर भला मोठा चार्ट होता, बोलू नये, उठू नये, उशिरा येऊ नये, वही विसरू नये, सगळं 'नये'. मी मुलाला आधीच विचारलं होतं की तुमच्या वर्गाचे नियम काय, तर तो म्हणाला, "गप बसायचं. नाहीतर पीटी नाही." होमवर्क अपूर्ण असेल तर पीटीचा तास वर्गात बसून लिहायचं ही तिथली पद्धत होती. आरटीईच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला मनाई आहे. पीटी बंद करणं त्यात थेट लिहिलेलं नाही, त्यामुळे मी कायदा काढून बसले नाही. एवढंच म्हटलं की हा मुलगा दिवसातून एकदाच सगळ्यांच्या पुढे असतो आणि ते मैदानावर, ते तरी काढून घेऊ नका. टीचरने ऐकलं. नंतर त्यांनी मुलांनाच विचारून नियम पाचावर आणले आणि काय करायचं ते लिहिलं: बोलायचं असेल तर हात वर करायचा, आल्यावर वही बाकावर ठेवायची, समजलं नाही तर विचारायचं, असे. समजलं नाही तर विचारायचं हा नियम भिंतीवर लिहिलेला असणं याचं मोल मला फार वाटतं, लाजऱ्या पोरांना तेवढी परवानगी लागते.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात वहीत तीन ओळी आणि मग रेघ, आईच्या पोटात गोळा. एकदा तर न राहवून त्यांनी रात्री पेन्सिल घेतलीच, आणि पोरगाच म्हणाला की मम्मी तू लिहू नको, टीचरला कळतं. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, सुरू झाला तेव्हा आजी म्हणाली वही पूर्ण झाल्याशिवाय होम मैदानावर न्यायचं नाही. आईने ठामपणे सांगितलं की अर्धा तास झालाय, तो येणार. पाळण्यात बसून आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने गड्ड्यावर चार वाक्यं लिहिली, स्वतःहून, दुकानांवरच्या पाट्यांतले दोन जोडाक्षरी शब्द टाकून.

टीचर आता त्याला प्रश्नोत्तरं कमी आणि वाचायला उतारा जास्त देतात, आणि आई रोज दहा मिनिटं तो उतारा तेलुगूत समजावून मग मराठीत वाचून घेतात. आपल्या भाषेत समजावलं तर पोरगं मराठीत मागे पडेल ही त्यांची भीती होती, उलट अर्थ कळल्यामुळे वाचन सुटायला लागलं. वाचन अजून वर्गाच्या मागेच आहे, चौथीत जाईपर्यंत बरोबरीला येईल असं मी म्हणणार नाही. पण झोपतो साडेनऊला.

तुमच्याकडेही हेच चाललं असेल तर ट्यूशन लावायच्या आधी वर्गातली वही आणि घरची वही शेजारी ठेवून बघा. खूप फरक दिसला तर टीचरला भेटायची वेळ मागा आणि न दुरुस्त केलेली वही घेऊन जा. आणि टीचरला "हा कसा आहे अभ्यासात" असं विचारू नका, त्याचं उत्तर "ठीक आहे, लक्ष द्या" एवढंच मिळतं. विचारा की याला एकट्याने काय येतं आणि कुठे अडतो, आणि घरी अर्ध्या तासात यातलं कोणतं एक काम करून घेऊ.