दयाबेन गेली म्हणून ‘तारक मेहता’ बदलली का?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ सुरुवातीला इतकी छान होती, मग एवढी का बदलली? दयाबेन गेल्यामुळेच ना?

नाही. निदान मुख्य कारण ते नाही. दयाबेनचं काम करणाऱ्या दिशा वाकानी 2017 मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि परत आल्या नाहीत, त्यामुळे ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी रेघ मारायला ते वर्ष सोयीचं पडतं. पण मालिका त्याच्या आधीच बदलली होती. कुणाला पडताळून बघायचं असेल तर दया, टप्पू, मेहतासाहेब, अंजली, सोढी या बदललेल्या चेहऱ्यांकडे बघूच नका. ज्याचा चेहरा बदलला नाही त्याच्याकडे बघा. आत्माराम तुकाराम भिडे, मालिकेतल्या गोकुळधाम सोसायटीचा सेक्रेटरी आणि घरी शिकवण्या घेणारा मराठी मास्तर. 2008 पासून मंदार चांदवडकरच भिडे आहेत आणि सोनालिका जोशीच त्याची बायको माधवी आहेत. नट तोच, घर तेच, सखाराम स्कूटर तीच. तरीही 2009 चा भिडे आणि आत्ताचा भिडे ही दोन वेगळी माणसं आहेत.

माझ्यासाठी हा विषय नुसता टीव्हीचा नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझे बाबा डोंबिवलीत घरी शिकवण्या घ्यायचे. आठवी ते दहावी, गणित आणि संस्कृत. शिवाय आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. मालिका सुरू झाली आणि वर्षभरातच बिल्डिंगमधले लोक त्यांना ‘भिडे मास्तर’ म्हणायला लागले. तेव्हा ते कौतुकाने म्हणत. खालच्या मजल्यावरच्या मावशी मुलाला वही देऊन पाठवताना ‘पळ, भिडे मास्तर वाट बघतायत’ म्हणायच्या. बाबांना आवडायचं ते. साडेआठला आमची ताटं टीव्हीसमोर यायची. भिडे शेजारच्या दुकानदार जेठालालकडे मेंटेनन्स मागायला गेला की बाबा जेवता जेवता मान हलवायचे, कारण त्याच आठवड्यात तेही कुणाच्या तरी दारात तेवढ्यासाठी उभे राहून आलेले असायचे.

ज्याने सोसायटीचं काम कधी केलं नाही त्याला यातलं फारसं कळणार नाही. सेक्रेटरीला पगार नसतो. थकबाकीवर उपविधींप्रमाणे व्याज लावता येतं, पण ते लावलं की दुसऱ्या दिवसापासून तो माणूस जिन्यात मान वळवून जातो. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, त्याआधी ऑडिट, पाण्याच्या टाकीची सफाई, वॉचमनची सुट्टी, गणपतीची वर्गणी, सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर. आणि एवढं करून वर ‘तुम्हाला काय काम आहे दुसरं’ हे ऐकायचं. सुरुवातीच्या मालिकेने हे बरोबर पकडलं होतं. रोज फळ्यावर सुविचार लिहिणारा, नोटीस लावणारा, नियम सांगताना आवाज चढणारा तो माणूस विनोदी होता, पण त्याचं म्हणणं बहुतेक वेळा रास्त असायचं. गंमत होती ती त्याच्या हट्टाची. त्याच्या गरिबीची नव्हती.

2016 ची गोष्ट सांगतो. आमची गच्ची गळत होती. वरच्या मजल्यावरचे लोक वैतागलेले, पावसाळा तोंडावर. बाबांनी तीन कोटेशनं मागवली. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये जुना कोबा काढायचा खर्च धरलेलाच नव्हता, म्हणजे जुन्यावरच नवीन थर चढवून तो ठेकेदार पैसे घेऊन जाणार होता. हे फक्त बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी ते कोटेशन परत लिहून मागितलं आणि त्यात वेळ गेला. मग विशेष सभा बोलावली गेली. बाबा एकेक बाब वाचून दाखवत होते: चौरस फूट, दर, हमीची वर्षं. मध्येच एक सभासद उठले. त्यांचाच मेंटेनन्स कित्येक महिने थकलेला होता. म्हणाले, ‘अहो भिडे, चार पैसे वाचवून तुमच्या सखारामात पेट्रोल टाकणार आहात का?’

सगळी सभा हसली. ज्यांची मुलं बाबांनी दहावीत काढली तेही हसले.

बाबा थांबले नाहीत. उरलेल्या बाबी त्यांनी तशाच, त्याच आवाजात वाचल्या आणि ठराव मतदानाला टाकला. मंजूर झाला. जुना कोबा उखडून नवीन काम झालं आणि ती गच्ची आजतागायत गळलेली नाही. हे मी ठिकठिकाणी सांगतो आणि इथेही अभिमानाने सांगतोय.

घरी आल्यावर मी चिडलो होतो. बाबा म्हणाले, ‘त्यांचं काय चुकलं? टीव्हीवर रोज तसंच बघतायत. पूर्वी तो हिशोब विचारायचा, आता नुसतं पेट्रोल मोजतो.’ त्यानंतर आमच्याकडे साडेआठला बातम्या लागायला लागल्या.

बाबांच्या त्या एका वाक्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, असं मला वाटतं. दीर्घकाळ चालणाऱ्या विनोदी मालिकेत आधी माणूस असतो आणि त्याला चार-पाच सवयी असतात. पुढे माणूस गळून पडतो आणि सवयी उरतात. भिडेचं ‘हमारे जमाने में’ हे वाक्य पूर्वी एखाद्या खऱ्या भांडणात यायचं, जेठालालच्या मुलाच्या, टप्पूच्या बॉलने काच फुटली की किंवा कुणी वर्गात अभ्यास करून आला नाही की. पुढे पुढे ते वाक्य म्हणता यावं म्हणून प्रसंग रचले जाऊ लागले. पोपटलालचं लग्न, अय्यर-जेठालाल, सोढीची पार्टी, सगळ्यांचं तेच झालं. स्कूटर सुरू होत नाही, स्कूटर सापडत नाही, यावर किती भाग काढायचे याला काही मर्यादा?

का झालं? एक कारण कुणी बोलत नाही: मुलं मोठी झाली. भिडेची खरी ताकद टप्पू सेनेत, म्हणजे सोसायटीतल्या मुलांच्या टोळीत होती. टप्पू हा एकाच वेळी त्याचा विद्यार्थी, त्याच्या काचा फोडणारा शेजारी आणि त्याच्या मुलीचा, सोनूचा मित्र होता. शिक्षक म्हणून ओरडायचं, शेजारी म्हणून भांडायचं आणि बाप म्हणून धास्तावायचं, हे सगळं एका मुलाशी एकाच दिवसात. यातून कथा आपोआप निघायच्या. टप्पू सेना कॉलेजात गेली आणि घरच्या शिकवणीचा प्रश्नच संपला. मास्तराचे विद्यार्थी गेले की मास्तरापाशी उरतं काय? स्कूटर. टप्पू झालेल्या भव्य गांधींनी 2017 मध्ये मालिका सोडली आणि टप्पू बदलला यावर लोकांनी एवढं लिहिलं, पण तेच अजून टप्पू असते तरी ही अडचण होतीच. मुलाला कायम दहा वर्षांचा ठेवता येत नाही.

दुसरं कारण कंपाउंड. पहिल्या वर्षांत कथा एका घरात सुरू व्हायची. जेठालालच्या घरातला गोंधळ मेहतासाहेबांकडे जायचा, तिथून भिडेकडे, आणि शेवटी जेठालालच्या वडिलांच्या, बापूजींच्या कानावर. नंतर ‘सगळे गोकुळधामवासी खाली जमले’ हाच रोजचा प्रसंग झाला. वीस माणसं अर्धवर्तुळात उभी आणि प्रत्येकाला एकेक वाक्य, तेही आपापल्या ठरलेल्या सवयीचं. त्यात 2014 मध्ये पंतप्रधानांनी स्वच्छ भारत मोहिमेसाठी जी पहिली नऊ नावं घेतली त्यात या मालिकेचा चमू होता. तो मोठा मान होता, त्याबद्दल मला आदर आहे. पण संदेशाचं ओझं वाढत गेलं तसं भांडण कमी झालं. सगळेच जर आदर्श नागरिक असतील तर सेक्रेटरी भांडणार कुणाशी? 2021 मध्ये तर औषधांच्या काळ्या बाजाराविरुद्ध ‘मिशन काला कौआ’ आलं आणि छत्रीवाला पोपटलाल हेरगिरी करायला निघाला. विषय महत्त्वाचा होता, पण मेंटेनन्सच्या नोटिशीवरून दोन दिवस अबोला धरणारी ती सोसायटी मला त्यात कुठे दिसली नाही.

तिसरं कारण सरळ आकड्याचं आहे. ज्या सदरावर ही मालिका बेतली आहे ते लेखक तारक मेहता ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात 1971 पासून लिहीत होते, आठवड्याला एक लेख. मालिका रोज एक भाग खाते. 2024 मध्ये चार हजार भाग पूर्ण झाले. आपल्याकडची ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवा. 2001 ते 2005, आठवड्यातून एकदा, आणि मग थांबली. म्हणून आजही टिपऱ्यांच्या घरातला प्रत्येक जण स्वतंत्र माणूस म्हणून आठवतो. चार हजार भाग कुणीही लिहिले तरी हेच होणार होतं. लेखकांना मी फार दोष देत नाही. थांबायचं कधी हे ठरवणाऱ्यांना देतो.

आता माझ्या काकाचा मुद्दा, कारण हा वाद आमच्या घरात वर्षानुवर्षं चालू आहे. काका म्हणतो, बदललं काहीच नाही, पहिल्यापासून मराठी माणसाची टिंगलच होती: गुजराती दुकानदार हिरो आणि मराठी मास्तर कंजूष. पुरावा म्हणून तो 2020 चा भाग काढतो, ज्यात चंपकलालच्या, म्हणजे बापूजींच्या तोंडी मुंबईची भाषा हिंदी असं वाक्य होतं. मनसेने आक्षेप घेतला, निर्मात्यांनी माफी मागितली. मागायलाच हवी होती, त्यात दुमत नाही.

पण सुरुवातीचे भाग बघितलेला माणूस काकासारखं बोलू शकत नाही. त्या भागांत सगळ्यात जास्त मार कुणाला पडतो? जेठालालला. बापूजी त्याला बोलतात, साळा त्याला गंडवतो, मुलगा त्याला तोंडघशी पाडतो. भिडे त्याच्यासमोर बरोबरीने उभा असतो. एकाकडे दुकान आणि पैसा, दुसऱ्याकडे विद्या आणि नियम. माधवी लोणची-पापडाच्या ऑर्डरी घेते आणि तिच्या कामाला घरात मान असतो. रत्नागिरीहून आलेलं, दोन मिळकतींवर स्वाभिमानाने चाललेलं मराठी घर हिंदी मालिकेत इतक्या नीट किती वेळा दिसलं? काका म्हणतो तो अपमान मालिकेच्या जन्मापासून नव्हता. तो हळूहळू झिजून आला, आणि झिजलं ते फक्त मराठी पात्र नाही. अय्यर शास्त्रज्ञ आहे हे शेवटचं कधी जाणवलं तुम्हाला?

म्हणून तुम्हाला सल्ला: दयाबेन परत येणार का, नवीन दया कोण, या बातम्यांच्या मागे लागू नका. दया परत आली तरी तिला त्याच कंपाउंडमध्ये उभं करून गरबा करायला लावणार असतील तर आठवडाभर आनंद होईल, पुढे काय? त्यापेक्षा पहिल्या दोन-तीन वर्षांतले भाग शोधून बघा.

हे सांगायला हवं की मी आता रोज बघत नाही, अधूनमधून बघतो. आणि मालिका मेलेली नाही. 2025 मध्ये भुतणीच्या कथेने ती टीआरपीत पहिल्या नंबरावर गेली होती. माझी भाची जुने-नवे भाग एकाच आनंदाने बघते आणि तिला यातलं काहीही खटकत नाही. जेठालाल झालेल्या दिलीप जोशींकडे आजही नुसतं बघितलं तरी हसू येतं. ज्यांना दिवसभराच्या दगदगीनंतर ओळखीची माणसं समोर हवी असतात त्यांच्यासाठी ती अजून आहे, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही.

काका हे वाचणार आहे, म्हणून त्यालाही इथेच सांगतो. काका, दिवाळीला येशील तेव्हा बाबांसमोर बसून पहिल्या वर्षाचे भाग लावू, यूट्यूबवर आहेत. भिडे मुलांना शिकवतोय आणि जेठालालकडे मेंटेनन्स मागतोय असे भाग मी निवडतो. त्यात कंजूषपणा कुठे आहे ते तू बोट ठेवून दाखव. दाखवलंस तर मी हे उत्तर काढून टाकीन.