पंखाच्या टोकावर जाऊ नका, आधी स्पार बघा

१९४६चं एरॉन्का चॅम्प, म्हणजे कापडी पंखांचं छोटं विमान घेतलंत, मनापासून आनंद झाला. उतरताना विमानाला जमिनीवर गिरकी बसून डावा पंख जमिनीला घासलाय, म्हणजे काम मोठं आहे, पण होण्यासारखं आहे.

मात्र वाकलेलं टोक बघून खर्चाचा अंदाज बांधू नका. टोकाला बसलेला दणका आत स्प्रूस लाकडाच्या स्पारपर्यंत, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईपर्यंत पोचतो. कापड पूर्ण उतरवा. खोलीत अंधार करा, टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून रेषांच्या दिशेनं प्रकाश टाका आणि इंचाइंचानं पुढे सरका. दाबानं पडलेली चीर केसाएवढी बारीक असते आणि लाकडाच्या रेषांना आडवी जाते. वार्निशवर नखाचा ओरखडा असावा तशी. स्ट्रट (पंखाला धडाशी जोडणारा तिरका दांडा) जिथे जोडतो तिथे आणि स्पारवरची प्लायवूडची जादा पट्टी संपते त्या कडेला दोनदा बघा.

रिबचे, म्हणजे स्पारवर आडव्या बसून पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांचे खिळे वर आलेले दिसले तर परत ठोकू नका! खिळा का सुटला ते शोधा. मी एकदा ठोकले होते. वर्षभरात नवं कापड फाडून पुन्हा आत शिरावं लागलं.

चीर निघाली तर स्पार बदलणंच मला पटतं. जोड द्यायचाच असेल तर तिरप्या कापाचा उतार किमान १० ला १ (म्हणजे जाडीच्या दहापट लांब), शक्यतो १२ ला १ ठेवा, आणि अधिकृत मेकॅनिकला सुरुवातीपासून सोबत घ्या. पंख जुळवताना आतल्या प्रत्येक चौकोनी खणाचे दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत मोजत त्यातल्या तिरक्या तारा ताणा. जुना स्पार इतक्यात टाकू नका, भोकांची मापं पडताळायला तोच लागेल.