वर्षाच्या मध्यात भारतातून जर्मनीत आल्यावर टॅक्स रिटर्न कुठे आणि कसं भरायचं?

ऑगस्टअखेर पुणं सोडलं, सप्टेंबरपासून म्युनिकमध्ये नोकरी, आणि भारतातला आठ महिन्यांचा पगार इथे दाखवायचा का, असं तुम्ही विचारलंय. दाखवायचा. जर्मनी त्यावर कर घेत नाही, तरी दाखवायचा. 2022 च्या जुलैत मी स्टुटगार्टला आले तेव्हा नेमकी इथेच अडले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. तुम्ही राहायला आलात त्या दिवसापासूनची कमाई इथे करपात्र. त्याआधीचा पगार फक्त कराचा दर ठरवायला धरतात. समजा महिना 5,000 युरो पगार आहे, म्हणजे चार महिन्यांचे 20,000. पण कंपनी दरमहा कर कापते तो तुम्हाला वर्षाला 60,000 मिळणार असं धरून. त्यामुळे जास्त कापला जातो, आणि रिटर्न भरलं की जास्तीचा परत येतो. भारतातल्या पगाराचे 11,000 युरो होत असतील तर दोन्ही मिळून 31,000 मधून वजावटी जाऊन जे उरतं त्याच्या हिशेबाने दर निघतो, लागतो मात्र इथल्याच कमाईला. तरीही ढोबळमानाने हजारभर युरो परत येतात. भारतातला पगार लिहिलाच नाही तर परतावा दुपटीहून जास्त दिसतो. त्या आकड्याला भुलू नका. असं परदेशी उत्पन्न 410 युरोंच्या वर असेल तर रिटर्न भरणंच सक्तीचं आहे. एल्स्टर या जर्मनीच्या ऑनलाइन कर-पोर्टलवर त्यासाठी डब्ल्यूए-ईएसटी ही पुरवणी आपण होऊन जोडावी लागते. कधीपासून इथे राहता ती तारीख आणि आधीचं उत्पन्न तिथेच भरायचं.

खरी दमछाक कागदांची. आपला फॉर्म 16 एप्रिल ते मार्चचा, म्हणजे जानेवारी ते मार्चचा पगार आदल्या वर्षाच्या फॉर्ममध्ये अडकलेला. दरमहाच्या सॅलरी स्लिपाच लागतात. माझ्या जुन्या कंपनीचं पोर्टल नोकरी सोडल्यावर बंद झालं आणि तीन स्लिपांसाठी मला एचआरला महिनाभर मेल करावे लागले. तुमचं लॉगिन अजून चालू असेल तर आजच सगळ्या उतरवून घ्या. मी एका पानावर तक्ता केला: महिना, रुपये, त्या महिन्याचा सरासरी दर, युरो. सात ओळी. फिनान्झआम्टने, म्हणजे इथल्या कर कार्यालयाने, नंतर विचारणा केली तेव्हा तेच पान स्लिपांसोबत पाठवलं आणि विषय मिटला.

नोकरीसाठी आलात, त्यामुळे विमानाचं तिकीट आणि सामान हलवण्याचा खर्च वजा करता येतो, मात्र कंपनीने तो दिलेला नसेल तरच. पावत्या जपा.

आता भारताची बाजू. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला 182 दिवसांचा नियम लागतो. 1 एप्रिलपासून मोजलं तर 28 सप्टेंबरपर्यंत निघालेला माणूस त्या आर्थिक वर्षात अनिवासी ठरतो, अर्थात त्याच वर्षात परत येऊन मुक्काम वाढवला नाही तर. तुम्ही ऑगस्टमध्ये निघालात, म्हणजे जर्मनीच्या पगाराशी भारताचा संबंध नाही. एप्रिल ते ऑगस्टचा पगार आणि भारतातलं व्याज एवढंच तिथे दाखवायचं, पण आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 भरा. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्या. आणि सप्टेंबरपासून एफडीवर जे व्याज मिळेल ते जर्मनीतही दाखवायचं. व्याज-लाभांशाचे वर्षाला 1,000 युरो इथे करमुक्त आहेत.

दोन्हीकडची नेहमीची मुदत 31 जुलै, पण एल्स्टरचं खातं आत्ताच उघडा, कारण त्याचा कोड टपालाने येतो. कर-ओळख क्रमांकही टपालानेच. माझं ते पत्र परत गेलं होतं, कारण पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं आणि पोस्टमन इथे नाव बघूनच पत्र टाकतो. तेव्हा आधी पत्रपेटीवर तुमचं नाव लावा.