ड्रेसिंग वॉर्डबॉयही करतो, मग परिचारिकेला वेगळे प्रशिक्षण कशाला?

आपण विचारले आहे की, जळगाव जिल्ह्यातील आपल्या रुग्णालयात ड्रेसिंग वॉर्डबॉयही करतो, मग जीएनएम (परिचर्या व प्रसूतिसेवेची पदविका) झालेल्या परिचारिकेने जखमेच्या देखभालीचे वेगळे प्रशिक्षण का घ्यावे. ताई, अवश्य घ्यावे. पट्टी बांधणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. जखम का भरत नाही हे ओळखणे अवघड, आणि ते नुसत्या सरावाने येत नाही.

मे महिन्यात खानदेशात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा मधुमेहाने तळपाय बधिर झालेला शेतकरी तापलेल्या बांधावरून अनवाणी चालून येतो आणि चपलेला पाणी लागलेले घरच्यांना दिसेपर्यंत फोड आल्याचे त्याला कळतही नाही. दुखत नाही म्हणून तो जखम किरकोळ समजतो, आणि दवाखान्यातही कधीकधी तसेच समजले जाते. प्रशिक्षित परिचारिका 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू, तळव्यावर टेकवून संवेदना तपासते, पावलावरची नाडी चाचपते, आणि जखम खोल असेल व तळाशी हाड लागत असल्याची शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगते. पायावरचा भार काढला नाही, तर महागडे मलमही वाया जाते, हे ती नातेवाइकांना समजावते.

चुकीच्या पट्टीने पायही जाऊ शकतो. नीलांच्या दोषामुळे झालेल्या जखमेवर दाबपट्टी हाच मुख्य उपचार आहे, परंतु रोहिण्या अरुंद झालेल्या पायावर तीच पट्टी घट्ट बांधली, तर उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो. म्हणून आधी घोट्याचा रक्तदाब दंडाच्या दाबाशी ताडून पाहतात, गुणोत्तर 0.5 च्या खाली असेल, तर दाबपट्टी बांधत नाहीत. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, म्हणजे जास्त येतो, हेही शिकावे लागते.

रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस काढण्याची आणि जखम उघडी ठेवून खपली धरू देण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. पेरॉक्साइडमुळे नव्याने येणाऱ्या लाल मांसालाही इजा होते. आणि ओलसर राखलेल्या जखमेवर त्वचा लवकर येते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्येच प्रयोगांनी दाखवले होते.

अभ्यासक्रम निवडताना प्रत्यक्ष रुग्णांवर, मार्गदर्शकासमोर काम करायला मिळते का, हे आधी विचारा. तोपर्यंत प्रत्येक जखमेची लांबी, रुंदी व खोली मोजून केसपेपरवर लिहा. मधुमेही पायाची जखम चार आठवड्यांत निम्म्याने घटली नसेल, तर उपचाराचा फेरविचार करण्याविषयी डॉक्टरांशी बोला.