14 वर्षांची मुलगी फोस्टर केअरमध्ये घ्यावी का? आमचा अनुभव सांगते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी नोकरीला बंगळूरला गेलीये, घरात तुम्ही दोघंच, बाल कल्याण समितीकडून (निराधार मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) 14 वर्षांच्या मुलीला फोस्टरमध्ये, म्हणजे काही काळ घरी सांभाळायला, घ्याल का अशी विचारणा झालीये आणि नातेवाईक म्हणतायत की घ्यायचंच तर लहान बाळ घ्या, एवढी मोठी मुलगी म्हणजे विकतचं दुखणं. आम्ही दोघांनी आत्तापर्यंत दोन मुलं सांभाळली, मोठी आली तेव्हा पावणेचौदाची होती, नंतर एक मुलगा आला तो पंधराचा. नावं गावं लिहीत नाही, बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. तुमच्याकडे मुलगी आली की तुम्हीसुद्धा व्हॉट्सॲप स्टेटसला फोटो टाकू नका, मोह होतो म्हणून आधीच सांगते.

नातेवाईक बाळ घ्या म्हणतात ते दत्तकाबद्दल बोलतायत. तो वेगळा रस्ता. फोस्टरमध्ये मूल समितीच्या आदेशाने ठराविक काळासाठी तुमच्याकडे येतं, त्याचे आईवडील असतील तर ते भेटायला येऊ शकतात, मुलीच्या हिताचं नाही असं समितीला वाटलं तरच भेट थांबते, आणि दर महिन्याला तपासणी व्हावी असं कायद्यातच आहे. 2024 च्या नवीन नियमावलीनुसार मूल एकाच कुटुंबात दोन वर्षं राहिलं आणि कायद्याने दत्तकासाठी मोकळं असलं तर त्या कुटुंबाला दत्तक घेता येतं, आधी ही अट पाच वर्षांची होती. पण ते मनात ठेवून मुलगी आणू नका. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिन्याला 4000 रुपये मिळतात, आमच्याकडे ते बरेच महिने थकले होते, तेव्हा त्या पैशांवर महिन्याचा हिशोब बसवू नका.

आता घरातलं सांगते. पहिले दोन महिने मोठी इतकी शहाण्यासारखी वागली की हे म्हणाले, अगं लोक उगाच घाबरवतात. सकाळी साडेपाचला उठून अंघोळ, अंथरुणाची घडी, ताट घासून ठेवायची. फ्रीज उघडू का, पंखा लावू का, खिडकीत बसू का, प्रत्येक गोष्ट विचारून. मला कौतुक वाटायचं आणि तिथेच मी चुकले. बालगृहात सगळं घंटेवर चालतं, तशीच ती आमच्याकडे राहत होती, घरात आलीच नव्हती. एकदा तिची गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली पेपरात गुंडाळलेल्या चार पोळ्या, दोन कडक झालेल्या, आणि पार्लेजीचे अर्धे पुडे. मी ओरडले नाही पण बोलले, की अगं घरात खायला काय कमी आहे का. ती तीन दिवस जेवली नाही नीट. नंतर जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की तिला एक डबा द्या, तिचा स्वतःचा, त्यात रोज काहीतरी भरा आणि कधी मोजू नका. झाकणाचा स्टीलचा डबा दिला, त्यात चिवडा, लाडू, कधी शेंगदाण्याची चिक्की. आठेक महिन्यांनी तो डबा आपोआप स्वयंपाकघरात परत आला, मी काही विचारलं नाही.

खरं वादळ तिसऱ्या महिन्यानंतर. उलट उत्तरं, दार आपटणं, शाळेतून फोन, माझ्या पर्समधून दोनशे रुपये. ह्यांना तर सरळ सांगितलं की तुम्ही माझे कोण. आता वाटतं की तेव्हा तिला बघायचं होतं की आम्ही तिला परत पाठवतो का, कारण आधी एका नातेवाइकाने तसंच पाठवलं होतं. म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते, कितीही संताप आला तरी "परत पाठवीन" हे शब्द तोंडातून काढू नका. मी एकदा काढले होते आणि ते पुसायला मला वर्ष लागलं.

आणि तिची आई. दिवाळीत भेटायला येते म्हणून कळवलं, मुलगी नवा ड्रेस घालून, केसांना क्लिपा लावून सकाळी नऊपासून एसटी स्टँडवर, आम्ही दोघं शेजारी बाकावर. गाड्या येत होत्या, माणसं उतरत होती, प्रत्येक गाडीला ती उभी राहायची. दुपारी दोनला म्हणाली चला काकू. रस्त्यात मी आईबद्दल एक वाकडा शब्द बोलले नाही आणि देवाची कृपा की नाही बोलले, कारण रात्री तिनेच आईची बाजू घेऊन मला पाऊण तास सांगितलं की तिला सुट्टी मिळत नसणार, मालक तसा आहे. पोरीच्या मनात आईची जागा आहेच, तिथे बसायला जाऊ नका. आई म्हणायला लावू नका, काकू मावशी काय येईल ते येऊ दे.

मुलाचं आमच्याकडे जमलं नाही, हेही लिहायला हवं. सात महिन्यांत तीनदा निघून गेला, प्रत्येक वेळी पोलिसांना आणि समितीला कळवलं, शेवटी त्याच्या इच्छेनेच तो मामाकडे गेला. मी फार रडले. अजूनही सणाला त्याचा फोन येतो, दोन मिनिटं बोलतो.

कागदपत्रांची तयारी आत्तापासून ठेवा. आधार, शाळेचा दाखला, आणि जातीच्या दाखल्याला वडिलांकडचे पुरावे लागतात, तिथे आमचं दीड वर्ष गेलं. महाराष्ट्रात अनाथ मुलांना 1 टक्का आरक्षण आहे पण आमच्या मुलीची आई हयात, त्यामुळे तिला लागू नाही. शाळेत मागे पडली असेल तर घाबरू नका, आमच्या मुलीने दहावी 17 नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून, दिली आणि पास झाली. अठरानंतर काय, हे समितीला आजच विचारून ठेवा, कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतरही आधार देण्याची, सोय आहे. आमची मोठी आता वीस वर्षांची आहे, नर्सिंगला हॉस्टेलवर असते आणि सुट्टीला आमच्याकडेच येते.

होकार देण्याआधी मुलीला तीनचार वेळा भेटा, आणि तिला यायचंय का हे अधिकाऱ्यांना नाही, तिला विचारा, तुमच्यासमोरसुद्धा "नाही" म्हणायची तिला मुभा असू दे.

तुमच्या मुलीची खोली द्यायची का विचारलंत. द्या, पण आधी तुमच्या मुलीशी बोलून तिचं सामान तिच्या हाताने आवरून घ्या, नाहीतर येणारी पोर वर्षभर कुणाच्या तरी खोलीत राहिल्यासारखी राहील. आणि दाराला आतून कडी बसवा, अडीअडचणीला बाहेरून उघडता येईल अशी. आमच्या मोठीने पहिल्या रात्री ती कडी सहासात वेळा लावून काढून बघितली, आवाज येत होता मला स्वयंपाकघरात.